दाढी गेली, पण बोयार?

‘बोयार म्हणजे रशियातले जन्मजात सरदार. चौथ्या इव्हानने त्यांचा कणा मोडला आणि पीटर द ग्रेटने 1698मध्ये दाढ्या कापून ती पदवीच रद्द केली.’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय आणि जाणती माणसंही तो पुढे पाठवतायत. त्यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचं आहे.

‘रशियातले’ हे अर्धवट. बल्गेरियाच्या पहिल्या साम्राज्यात ‘बोइला’ होते, पुढे त्यांनाच ‘बोल्यार’ म्हणू लागले. आजच्या रोमानियातल्या वालाखिया आणि मोल्दोवा या संस्थानांत तर बोयारांचे दर्जे आणि हक्क 1858पर्यंत टिकले.

‘जन्मजात’ हा शब्द मात्र सगळ्यात जास्त दिशाभूल करतो. मॉस्कोत जन्माने मिळायचं ते ‘क्न्याझ’पण, म्हणजे राजपुत्राची पदवी. बोयार हा दर्जा झार द्यायचा. दरबारी सल्लागार मंडळातला, म्हणजे दूमातला, तो सर्वोच्च मान. बाप बोयार होता म्हणून मुलगा आपोआप बोयार होत नसे. मोठ्या घराण्यांचा त्यावर दावा असे, हे खरं. गोंधळ होतो तो ‘मेस्त्निचेस्त्वो’ या रिवाजामुळे. कोणाचा आजा कोणाच्या आज्याच्या वरच्या जागी होता, यावरून नेमणुका ठरत. मानापमान इतके टोकाचे, की ऐन मोहिमेत सरदार एकमेकांच्या हाताखाली जायला नकार देत. अखेर 1682मध्ये झार तिसऱ्या फ्योदोरने हा रिवाज मोडला आणि त्याच्या नोंदवह्या जाळून टाकल्या.

इव्हानच्या ओप्रिच्निनात, म्हणजे त्याच्या खास फौजेच्या दहशतीच्या काळात (1565–1572), अनेक बोयार मारले गेले, ती क्रूरता नाकारायचं कारण नाही. पण कणा मोडला असता, तर 1598मध्ये बोरिस गोदुनोव आणि 1606मध्ये वासिली शुइस्की हे बोयार गादीवर बसले नसते. 1610मध्ये शुइस्कीला खाली खेचल्यावर कारभार हाती आला तोही सात बोयारांच्याच. 1613मध्ये झार झालेला मिखाईल रोमानोव हाही बोयार घराण्यातलाच.

राहिली दाढी. पीटरने बोयारांच्या दाढ्या कापल्या, ही गोष्ट खरी. पण तो दाढीबंदीचा आग्रह होता, पदवीशी त्याचा संबंध नव्हता. 1705पासून कर भरून दाढी राखताही येत होती. पदवी रद्द करणारा हुकूम पीटरने काढलाच नाही. दूमाचं महत्त्व ओसरत गेलं, 1711मध्ये सेनेट आलं, आणि सरकारी सेवेतल्या पदांची उतरंड ठरवणाऱ्या 1722च्या दर्जांच्या तक्त्यात बोयार हा दर्जाच ठेवला नाही. माणसं मात्र तीच राहिली. 1682मध्ये बोयार झालेला बोरिस शेरेमेतेव पुढे पीटरचाच फील्डमार्शल झाला आणि 1706मध्ये काउंटही.

शेवटचा बोयार म्हणून ज्याचं नाव घेतात, तो इव्हान त्रुबेत्स्कोय 1750मध्ये वारला. पीटरला जाऊन तेव्हा 25 वर्षं झाली होती.