खुलासा : पर्यटकांची घरं बंद केली की भाडं निम्म्यावर येतं?

“शहरांतली भाडी फक्त एअरबीएनबीमुळे वाढली, ते बंद केलं की भाडं निम्मं होईल,” हा मेसेज सध्या फिरतोय. (एअरबीएनबी म्हणजे पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी घर किंवा खोली भाड्याने देण्याचं संकेतस्थळ.) मागच्या आठवड्यात मीही तो पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे.

परिणाम होतो, हे खरंच. बार्सिलोनावर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी वस्तीत त्यामुळे भाडं १.९ टक्के वाढलेलं दिसलं. पर्यटकांना दिलेली अशी घरं जिथे खूप आहेत तिथे सुमारे ७ टक्के. तिथल्या भाडेकरूला हा भार जडच जातो. पण ७ म्हणजे ५० नव्हे. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून अशा घरांवरच्या नियमांची कडक अंमलबजावणी केली, थोड्या दिवसांसाठी घर देण्याच्या जाहिराती झपाट्याने घटल्या, तरी भाडी निम्मी झाली नाहीत. कारण घरांची टंचाई, नवं बांधकाम आणि नोकऱ्यांची ओढ यांचा हिशेब त्याहून मोठा असतो.

दुसरी चूक मला जास्त खटकते. मेसेजमध्ये प्रत्येक जाहिरात म्हणजे एक गेलेलं घर असं धरलंय. एखादी बाई स्वतः त्याच घरात राहून रिकामी खोली पाहुण्यांना देते, तेव्हा कुणाचं घर जात नाही. तोच दोन खोल्यांचा फ्लॅट वर्षभर फक्त पर्यटकांसाठी ठेवला, की एका कुटुंबाचं घर बाजारातून जातं. नियम हवेत ते मुख्यतः या दुसऱ्या प्रकारासाठी.

मी ज्या ग्रुपवर तो पाठवला होता, तिथे हा खुलासाही टाकलाय. तुमच्याकडे जुना मेसेज आला असेल, तर कृपया पुढे पाठवू नका.