‘एका जागी बदला, सगळीकडे बदलेल’: पायथनच्या कॉन्स्टंटबद्दलचा एक चुकीचा सल्ला

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागलं की दोन-तीन महिन्यांत एक सल्ला हमखास कानावर पडतो. क्लासच्या नोट्समध्ये असतो, व्हिडिओत असतो, ऑफिसातल्या सीनियरच्या तोंडी असतो. साधारण असा: ‘प्रोजेक्टचे सगळे कॉन्स्टंट, म्हणजे न बदलणाऱ्या किमती, एका फाइलमध्ये ठेवा. नावं कॅपिटल अक्षरांत लिहा, म्हणजे ती कुणाला बदलता येणार नाहीत. प्रत्येक मॉड्यूलच्या (कोडच्या फाइलच्या) वरच्या ओळीत फ्रॉम कॉन्स्टंट्स इम्पोर्ट स्टार (त्या फाइलमधली सगळी नावं इथे आणा) लिहून टाका. मग किंमत एका जागी बदलली की सगळीकडे बदलते.’

मी बांधकाम साहित्याच्या दुकानांसाठी बिलिंगचे प्रोग्रॅम लिहितो. हा सल्ला मी पाच-सहा वर्षं पाळला आणि हाताखालच्या मुलामुलींनाही दिला. त्यातलं पहिलं वाक्य बऱ्यापैकी बरोबर आहे. पुढची तिन्ही चूक आहेत, आणि ती का चूक आहेत हे नीट उलगडून कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

बरोबर काय ते आधी. प्रोग्रॅमभर 18, 28, 100 असे उघडे आकडे विखुरलेले असले की सहा महिन्यांनी तो 18 कराचा दर होता की बिलावरच्या ओळींची मर्यादा, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. आकड्याला नाव द्यावं आणि ते नाव एकदाच द्यावं, याबद्दल वाद नाही.

आता ‘कॅपिटल लिहिलं की बदलता येत नाही.’ पायथनला कॅपिटल आणि स्मॉल ही वेगळी अक्षरं आहेत एवढंच कळतं. कॅपिटलमधलं नाव स्थिर आहे, असा कुठलाही नियम त्या भाषेत नाही. ही पद्धत येते 2001 सालच्या पेप 8 या शैलीच्या दस्तऐवजातून, आणि तो माणसांसाठी आहे. कोड वाचणाऱ्याला ‘हे बदलू नका’ अशी विनंती करायची, एवढंच त्याचं काम. इथे मी उदाहरणांतली नावं देवनागरीत लिहितोय आणि पायथन 3 ती स्वीकारतंही. देवनागरीत कॅपिटल हा प्रकारच नाही. ‘सिमेंट_दर’ हे नाव स्थिर की अस्थिर, हे अक्षरांवरून ठरणार कसं?

पायथन 2 मध्ये तर ‘ट्रू’ला ‘फॉल्स’ची किंमत देता यायची आणि भाषा चकार शब्द काढायची नाही. 2008 च्या 3.0 आवृत्तीत ते राखीव शब्द केले, तेव्हा ते बंद झालं. तुमच्या-माझ्या नावांना असं संरक्षण आजही नाही. 2019 च्या 3.8 आवृत्तीत टायपिंग मॉड्यूलमध्ये ‘फायनल’ आलं, म्हणजे ‘हे नाव बदलायचं नाही’ अशी खूण. ते जरूर वापरा, मी वापरतो. पण त्याची तपासणी मायपायसारखं, कोड न चालवता तपासणारं साधन करतं, तेही तुम्ही चालवलं तर. प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम फायनल लावलेलं नाव बिनबोभाट बदलू देतो.

आणि लिस्टचं काय? ‘उधारीचे_ग्राहक’ अशी लिस्ट कॉन्स्टंट म्हणून ठेवली आणि एखाद्या मॉड्यूलने तिच्यात अपेंड केलं, म्हणजे शेवटी एक नाव जोडलं, तर नावाला कुणी हात लावलेला नसतो, फायनलही मोडलेलं नसतं, पण आतला माल बदललेला असतो आणि तो सगळ्यांना दिसतो. म्हणून लिस्टऐवजी टपल, सेटऐवजी फ्रोझनसेट; या दोन्हींत नंतर भर घालता येत नाही. डिक्शनरी (नाव-किंमत जोड्यांची यादी) लागलीच तर टाइप्स मॉड्यूलमधलं मॅपिंगप्रॉक्सीटाइप, जे तिचं फक्त वाचता येणारं रूप देतं, आणि मूळ डिक्शनरी कुणाच्या हाती राहू द्यायची नाही.

आता खरा मुद्दा. ‘किंमत एका जागी बदलली की सगळीकडे बदलते.’

22 सप्टेंबर 2025, सोमवार, घटस्थापना. त्या दिवसापासून जीएसटीचे दर बदलले. 12 आणि 28 हे दोन टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. सिमेंट 28 वरून 18 वर आलं, साबण-टूथपेस्ट 18 वरून 5 वर. माझ्या एका ग्राहकाच्या दुकानात काउंटरवरचा प्रोग्रॅम सकाळी सुरू केला की रात्री शटर पडेपर्यंत चालू असतो. दर बदलायला त्यात एक स्क्रीन मी दिली होती. मालकांनी सकाळी तिथे 18 टाकलं. स्क्रीनच्या कोडने ‘कॉन्स्टंट्स.सिमेंट_दर = 18’ केलं, आणि स्क्रीनवर 18 दिसलंही.

पहिलं गिऱ्हाईक आलं. सिमेंटची करपात्र रक्कम 10,000. बिल छापून आलं 12,800 चं, म्हणजे कर 28 टक्क्यांनी. दुपारी मालकांनी दिवसाचा रिपोर्ट काढला, तर त्याच विक्रीवर कर 1,800 दाखवत होता. एकच विक्री, एकच प्रोग्रॅम, आणि कर दोन. त्यांचा फोन आला तेव्हा आवाजात राग होताच, पण त्याहून जास्त धास्ती होती: ‘साहेब, गिऱ्हाइकाकडून जास्त घेतले की सरकारला कमी दाखवतोय?’

कारण असं. बिलाच्या मॉड्यूलमध्ये वर ‘फ्रॉम कॉन्स्टंट्स इम्पोर्ट स्टार’ होतं. रिपोर्टच्या मॉड्यूलमध्ये नुसतं ‘इम्पोर्ट कॉन्स्टंट्स’ होतं आणि आत ‘कॉन्स्टंट्स.सिमेंट_दर’ असं लिहिलं होतं. दिसायला फरक टायपिंगचा, पण काम पार वेगळं.

पायथनमध्ये नाव म्हणजे डबा नव्हे, डब्यावरची चिठ्ठी. कॉन्स्टंट्स मॉड्यूलमध्ये 28 या वस्तूला ‘सिमेंट_दर’ ही चिठ्ठी लावलेली. फ्रॉम-इम्पोर्ट केलं की बिलाचं मॉड्यूल त्या क्षणी 28 ला स्वतःची, त्याच नावाची, दुसरी चिठ्ठी लावतं. तिथून पुढे दोन्ही चिठ्ठ्यांचा एकमेकींशी संबंध नाही. स्क्रीनने पहिली चिठ्ठी काढून 18 ला चिकटवली. दुसरी होती तिथेच, 28 वर. रिपोर्टच्या मॉड्यूलला स्वतःची चिठ्ठी नव्हतीच. ते दर वेळी कॉन्स्टंट्समध्ये जाऊन ‘आत्ता सिमेंट_दर कुठे लावलाय’ ते बघायचं, म्हणून त्याला 18 मिळाला.

घाईत मी फोनवर ‘प्रोग्रॅम बंद करून परत चालू करा’ म्हणालो. त्याने आणखी घोळ झाला. स्क्रीनने बदल केला होता तो मेमरीत, डिस्कवरच्या फाइलमध्ये 28 च होतं. परत चालू केल्यावर बिल 28, रिपोर्टही 28. दोन्ही जुळले, आणि दोन्ही चुकले.

यावर उत्तर म्हणून इम्पोर्टलिबमधलं ‘रीलोड’ सुचवलं जातं. रीलोड मॉड्यूलचा कोड पुन्हा चालवतं हे खरं, पण इतर मॉड्यूलांनी फ्रॉम-इम्पोर्टने आधी लावून घेतलेल्या चिठ्ठ्यांना ते हात लावत नाही. म्हणजे नेमका हाच रोग त्याने बरा होत नाही.

फ्रॉम-इम्पोर्ट न करताही किंमत गोठते, ती फंक्शनच्या डीफॉल्टमध्ये, म्हणजे बोलावताना दिली नाही तर वापरायच्या किमतीत. ‘डेफ हिशोब(रक्कम, दर=कॉन्स्टंट्स.सिमेंट_दर)’ असं लिहिलं की तो दर फंक्शनची व्याख्या होताना एकदाच वाचला जातो, बोलावताना नाही. तेव्हा 28 होता तर 28 च राहतो. कोड वाचणाऱ्याला मात्र बिंदू लावलेलं पूर्ण नाव समोर दिसतं आणि हा ताजा दर आहे असं वाटतं. मला हे सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

काम मल्टिप्रोसेसिंगने, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या अनेक स्वतंत्र प्रोसेसमध्ये, वाटून दिलं असेल तर प्रत्येक प्रोसेसची मेमरी वेगळी. विंडोजवर, आणि 3.8 पासून मॅकवरही, मूल प्रोसेस नव्याने सुरू होते आणि मॉड्यूल स्वतः पुन्हा इम्पोर्ट करते. पालकाने चालताचालता बदललेला दर तिच्यापर्यंत जातच नाही.

हा समज आला असेल तो दुसऱ्या भाषांतून, असं मला वाटतं. सी मध्ये डिफाइन केलेला आकडा कंपाइल होण्याआधी जागोजाग शब्दशः बसतो. हेडरमध्ये बदला, पुन्हा कंपाइल करा, सगळीकडे बदलला. जावास्क्रिप्टच्या 2015 नंतरच्या मॉड्यूलांत इम्पोर्ट केलेलं नाव हे मूळ नावाशी जिवंत जोडलेलं असतं. निर्यात करणाऱ्याने बदललं की घेणाऱ्याला नवं दिसतं, आणि घेणाऱ्याला ते स्वतः बदलता येत नाही. तिथून आलेल्या माणसाने तसंच गृहीत धरलं तर नवल नाही. पायथनला मात्र ते लागू नाही.

‘वर इम्पोर्ट स्टार लिहून टाका’ याबद्दल. मॉड्यूलमध्ये ‘ऑल’ची, म्हणजे बाहेर द्यायच्या नावांची, यादी दिलेली नसेल तर स्टार अंडरस्कोरने सुरू न होणारी सगळी नावं उचलून आणतो. सगळी म्हणजे तुमच्या कॉन्स्टंट्स फाइलने तिच्या सोयीसाठी इम्पोर्ट केलेली मॉड्यूलंसुद्धा. दोन ठिकाणांहून एकच नाव आलं तर नंतरचं राहतं, आधीचं गुपचूप जातं. प्रमाण लायब्ररीतलंच उदाहरण घ्या. ‘ओएस’ या मॉड्यूलमधून स्टार इम्पोर्ट केलं की फाइल उघडायचं रोजचं ‘ओपन’ झाकलं जातं आणि ओएसचं ओपन पुढे येतं. ते फाइल ऑब्जेक्ट देत नाही, एक पूर्णांक देतं, आणि ‘आर’, ‘डब्ल्यू’ऐवजी फ्लॅग मागतं. पायथनच्या अधिकृत ट्यूटोरियलमध्येच हा इशारा दिलेला आहे.

शिवाय ‘सिमेंट_दर’ कुठून आलं, हे मॉड्यूल वाचून कळत नाही. नाव टाइप करताना चुकलं, ‘सिमेट_दर’ झालं, तर पायफ्लेक्ससारख्या चुका शोधणाऱ्या साधनालाही ठामपणे सांगता येत नाही, कारण ते स्टारमधून आलेलं असू शकतं. जे साधन तुमची चूक पकडणार, त्याचेच डोळे तुम्ही बांधता. पूर्ण नाव लिहायला आठ-दहा अक्षरं जास्त लागतात, ती लिहावीत.

‘सगळे एका फाइलमध्ये’ हा भाग लहान प्रोजेक्टला ठीक. मोठ्यात ती फाइल फुगते आणि मग तिलाच कुणाचं तरी इम्पोर्ट लागायला लागतं. आमच्याकडे डेटाच्या फोल्डरचा पत्ता ठरवायला ती सेटिंग्जचं मॉड्यूल इम्पोर्ट करायची, आणि सेटिंग्ज तिला. वर्तुळ पूर्ण झालं आणि प्रोग्रॅम सुरूच होईना. कॉन्स्टंट्सची फाइल कुणालाही इम्पोर्ट करत नसावी, हा नियम मी तेव्हापासून पाळतो. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या तर तिथे नकोतच. गिट या कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनात एकदा गेलेली ओळ नंतर पुसली तरी इतिहासात राहते.

एक फाइल ठेवूनही तिच्या दोन प्रती तयार होऊ शकतात, आणि हे फार थोड्या जणांना माहीत असतं. पायथन मॉड्यूल ओळखतं ते इम्पोर्टच्या नावाने. एका ठिकाणी ‘इम्पोर्ट कॉन्स्टंट्स’ आणि दुसरीकडे ‘फ्रॉम दुकान इम्पोर्ट कॉन्स्टंट्स’ लिहिलं, आणि दोन्ही वाटा पायथनच्या शोधयादीत (मॉड्यूल शोधायच्या फोल्डरांत) असल्या, तर तीच फाइल दोनदा चालते आणि दोन वेगळी मॉड्यूलं बनतात. मी पैसे देण्याचे प्रकार एनममध्ये, म्हणजे ठरलेल्या पर्यायांच्या यादीत, ठेवले होते: रोख, यूपीआय, उधार. तसं एनम फार चांगलं. 2014 च्या 3.4 आवृत्तीपासून आहे आणि त्याच्या सदस्याला नवी किंमत द्यायला गेलं तर खरोखर एरर येतो. पण दोन प्रती झाल्या होत्या. एका मॉड्यूलमधला ‘रोख’ दुसऱ्यातल्या ‘रोख’शी ताडला की उत्तर ‘फॉल्स’. छापून पाहिलं तर दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं. इम्पोर्टची वाट सगळीकडे एकच केली, तेव्हा ते थांबलं.

इतकं सगळं दुरुस्त करूनही त्या दुकानाचा प्रश्न सुटला नसता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक गिऱ्हाईक ऑगस्टमध्ये नेलेल्या सिमेंटच्या काही गोण्या परत घेऊन आलं. त्या मालाचं बिल 28 टक्क्यांचं. क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद, तीही 28 टक्क्यांनीच व्हायला हवी, कारण ती मूळ बिलाशी बांधलेली असते. आता प्रोग्रॅममध्ये सगळीकडे, अगदी बरोबर पोचलेला, 18 होता.

तेव्हा कळलं की तो दर मुळात कॉन्स्टंट नव्हताच. तारखेवर अवलंबून असलेली ती माहिती होती आणि मी तिला कॉन्स्टंट म्हणत होतो. जीएसटीआयएन या जीएसटी नोंदणी क्रमांकाची 15 अक्षरं, महाराष्ट्राचा राज्य क्रमांक 27, रुपयाचे 100 पैसे: हे मी अजूनही कॉन्स्टंट्समध्ये ठेवतो. दर तिथून काढले. ते आता डेटाबेसच्या टेबलात आहेत. प्रत्येक ओळीत वस्तू, दर आणि कोणत्या तारखेपासून. सिमेंटच्या दोन ओळी आहेत, जुनी 28 ची, आणि 22 सप्टेंबर 2025 ची 18 ची. कोडमध्ये ‘दर(वस्तू, बिलाची_तारीख)’ असं एकच फंक्शन आहे आणि बिल, रिपोर्ट, क्रेडिट नोट तिघंही त्यालाच विचारतात. क्रेडिट नोट विचारताना मूळ बिलाची तारीख देते. परत आलेल्या त्या गोण्यांची नोट मी टेबल भरल्यावर पुन्हा काढली, तेव्हा ती 28 ने आली. त्याच्याच खालचं, त्या दिवशीचं नवं बिल 18 ने.