दुष्टांनाही परवानगी द्या

लोक सॉफ्टवेअर बसवायला ‘ॲप्ट इन्स्टॉल’ ही आज्ञा मारतात आणि चहा टाकायला उठतात. चहाला उकळी फुटेपर्यंत सर्व्हर चालू. त्याआधी डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमसाठी त्या सर्व्हरचं पॅकेज (बसवायला तयार गाठोडं) करणाऱ्याच्या, म्हणजे माझ्या, डोक्याला किती उकळ्या फुटल्या, हे कोण विचारतो?

पॅकेज बांधताना इंटरनेट बंद, हा पहिला नियम. मूळ लेखकाने मात्र ढीगभर लायब्रऱ्या, म्हणजे इतरांचे तयार कोड, ऐनवेळी नेटवरून ओढायची सोय केलेली. म्हणजे आधी त्यांची पॅकेजं करा. लेखकाला विचारलं, तर म्हणे, ‘डॉकर वापरा ना!’ म्हणजे सगळं एका डब्यात भरून तसंच चालवा. बरं.

बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘चेंजलॉग’ फाइलमध्ये ईमेल आणि तारीख यांच्यामध्ये मोजून दोन स्पेस. एक दिली की कुरकुर सुरू. सत्यनारायणालाही इतकं सोवळं नसतं. ‘लिंटियन’ नावाचा तपासनीस तर लेखकाच्या इंग्रजी स्पेलिंगच्या चुका मला ऐकवतो.

पण खरा घाम ‘कॉपीराइट’ फाइल काढते. प्रत्येक फाइल कोणाची, कुठल्या लायसन्सची, सगळं लिहायचं. एका कोपऱ्यात जेसॉन (माहिती लिहायची एक पद्धत) वाचणारा जुना कोड सापडला. त्याच्या लायसन्समध्ये एक गोड वाक्य: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नव्हे. वाचून मला भरून आलं. डेबियनला नाही आलं. त्यांची मुक्त सॉफ्टवेअरची तत्त्वं 1997 सालची. त्यातलं सहावं सांगतं, कुठल्याही क्षेत्रातल्या वापराला मज्जाव नको. दुष्टपणा हेही एक क्षेत्रच! मग मी, देवाधर्माच्या घरातला माणूस, लेखकाला पत्र लिहायला बसलो: ‘कृपया दुष्कृत्यांस परवानगी द्यावी.’ उत्तर आलं, ‘तुम्ही नक्की काय करणार आहात?’ शेवटी तो कोडच काढून दुसरा बसवला. (हे तत्त्व मला मनापासून पटतं, बरं का. चांगलं कशाला म्हणायचं, हे सर्व्हरने का ठरवावं?)

मग नव्या पॅकेजांची ‘न्यू’ नावाची रांग. तिथे माणसं डोळ्यांनी लायसन्सं तपासतात, तीही फावल्या वेळात आणि फुकट, त्यामुळे रागावायचीही सोय नाही.

एकदाचं पॅकेज ‘सिड’मध्ये शिरलं. ‘टॉय स्टोरी’तल्या खेळणी मोडणाऱ्या पोराचं नाव या अस्थिर शाखेला ज्याने दिलं, त्याला दंडवत. कारण पाठोपाठ निरोप: एस-थ्री-नाइन्टी-एक्सवर चाचणी नापास. हा आयबीएमचा मेनफ्रेम. तो आकड्यांचे बाइट आपल्या नेहमीच्या संगणकांच्या उलट्या क्रमाने मांडतो आणि लेखकाला हे कधी कोणी सांगितलेलंच नाही.

त्याला परत पत्र लिहायचंय. मागच्या पत्रापासून तो जरा जपूनच उत्तरं देतो.