इन्सुलिन पाण्यात घालून प्यायचं? अजिबात नाही!

"सेमाग्लुटाइडची गोळी आली, म्हणजे इन्सुलिनही तोंडाने चालतं. पेनमधली युनिटं कोमट पाण्यात घ्या, सुया विसरा." (सेमाग्लुटाइड म्हणजे मधुमेहाचं एक औषध, इंजेक्शनातूनही घेतात.) हा फॉरवर्ड आता नात्यातल्या टाइप १ मधुमेह (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो) असलेल्या मुलाच्या आईपर्यंत पोचलाय, म्हणून गप्प बसवत नाही.

इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन. पोटात गेलं की वरणातल्या प्रथिनाची जी गत तीच त्याची. जठरात पेप्सिन, पुढे ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन ही पाचक एन्झाइम्स त्याचा भुगा करतात. आतड्याची भिंत आत घेते ती सुटी अमिनो आम्लं, नाहीतर दोन-तीन आम्लांचे तुकडे. २० युनिटं म्हणजे जेमतेम ०.७ मिलिग्रॅम. ते प्यायल्याने साखर उतरत नाही आणि पोषणही होत नाही. टाइप १ मध्ये डोस असा वाया गेला की काही तासांत कीटोन (रक्त आम्लधर्मी करणारे पदार्थ) वाढायला लागतात. उलट्या, पोटदुखी, खोल धापा, तोंडाला फळासारखा वास: ही लक्षणं दिसली तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

आता ती गोळी. हो, सेमाग्लुटाइडही पेप्टाइडच, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळीच आहे आणि ते पोटातून जातं, एवढं मान्य. पण कसं, ते गोळीच्याच माहितीपत्रकात वाचा: उपाशीपोटी, जास्तीत जास्त १२० मिली पाणी, नंतर किमान ३० मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. गोळीतलं सॅल्काप्रोझेट सोडियम जठराच्या भिंतीपाशी आम्ल शमवतं, पेप्सिनला रोखतं आणि औषधाला पेशींतून वाट करून देतं. एवढा खटाटोप करून रक्तात पोचतं ते साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी. म्हणून गोळी रोज १४ मिलिग्रॅम, तर इंजेक्शन आठवड्याला १ मिलिग्रॅम. शरीरातलं सेमाग्लुटाइड अर्धं व्हायला आठवडा लागतो, त्यामुळे रोजचा चढउतार झाकला जातो. इन्सुलिनला ही सवलत नाही: आज अर्धा टक्का आणि उद्या दोन टक्के शोषलं गेलं तर डोस चौपट झाला, साखर धाडकन खाली.

असेच आणखी दोन दावे. "इन्सुलिनच्या झाडाची पानं खा": नावापलीकडे त्यात इन्सुलिन नाही, आणि असतं तरी वरचंच उत्तर.

"कोलेजन पावडर थेट गुडघ्यात जाते": थेट नाही. कोलेजनही प्रथिनच, ते पचतंच. त्यातले काही छोटे पेप्टाइड रक्तात सापडतात, एवढं खरं. पण त्यांच्यावर गुडघ्याचा पत्ता लिहिलेला नसतो.

कुणी इन्सुलिन प्यायलंच असेल तर तो डोस चुकलाय असं धरा. साखर आणि कीटोन तपासा आणि पुढचं इंजेक्शन किती घ्यायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा.