तीन किलोवॅट की दोन?

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर परवा मास्तरांनी सोलरचे कोटेशन आणले आणि चहा गार होईपर्यंत दुसरा विषय निघाला नाही. तीन किलोवॅटला 1,90,000 रुपये, त्यातून पीएम सूर्यघर योजनेचे 78,000 रुपये अनुदान वजा जाता पदरचे 1,12,000 रुपये, असा त्यांचा हिशेब होता.

बँकेतून निवृत्त झालेल्या अण्णांनी लगेच हरकत घेतली. "हीच रक्कम सात टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवली, तर वर्षाला 7,840 रुपये व्याज मिळते आणि मुद्दलही शाबूत राहते, पॅनेलची क्षमता मात्र वर्षागणिक घटत जाते." आक्षेप रास्त होता, पण वीजबिल न पाहता घेतलेला होता. मास्तरांचा वापर महिन्याला तीनशे युनिटचा आहे आणि महावितरणच्या दरात पहिल्या शंभर युनिटनंतरचा टप्पा जवळजवळ दुप्पट महाग पडतो. वर्षाला तीस हजारांची बचत धरून त्यातून अण्णांचे व्याज वजा केले, तरी पाच वर्षांच्या आसपास पैसे फिटतात.

"पण तीन किलोवॅट हवेतच कशाला?" असे आमच्या वायरमनने विचारले, आणि माझ्या मते साऱ्या चर्चेतला खरा प्रश्न तोच होता. एका किलोवॅटला दिवसाकाठी साधारण चार युनिट धरले, तर दोन किलोवॅटमधून महिन्याला 240 युनिट मिळतात; उरलेले साठ युनिट विकत घ्यावे लागले, तरी ते स्वस्त टप्प्यातलेच असतात. तिसऱ्या किलोवॅटला अनुदानही पहिल्या दोहोंसारखे 30,000 नव्हे, 18,000 रुपयेच मिळते, आणि महावितरणच्या लाईनला गेलेले शिल्लक युनिट पुढच्या महिन्याच्या बिलात वळते होत असले, तरी मार्चअखेर जे उरतात त्यांना आपण मोजतो त्यापेक्षा बराच कमी भाव मिळतो.

"म्हणजे लाईट गेल्यावर तरी पंखा चालेल ना?" या मास्तरांच्या प्रश्नावर वायरमनने नकारार्थी मान हलवली. लाईनवर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून बॅटरी नसलेली ही यंत्रणा वीज जाताच बंद पडते. मास्तरांचा चेहरा उतरला. तीस हजारांच्या बचतीपेक्षा त्यांना तो पंखाच महत्त्वाचा वाटत होता, हे तेव्हा आमच्या लक्षात आले.

अखेर शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीची सावली गच्चीवर कुठवर येते, ते सकाळी नऊला आणि दुपारी चारला पाहून यायचे आणि तोवर आगाऊ रक्कम द्यायची नाही, एवढे ठरले.