खुलासा : पश्चात्तापाच्या प्रमाणपत्राने शिक्षा अर्धी होत नाही

‘दोषी ठरल्यावर माफीनामा आणि व्यसनमुक्तीचं प्रमाणपत्र जोडा, शिक्षा निम्मी होते,’ असा मेसेज फिरतोय. अशी तरतूद कायद्यात नाही.

‘निम्मी’ हा शब्द बहुधा प्ली बार्गेनिंगमधून, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा मागायच्या सोयीतून, उचललाय. पण तो अर्ज दोषारोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत करायचा असतो, निकालानंतर नव्हे. ७ वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना, तसंच महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांना तो लागूही नाही.

खरं आहे ते एवढंच: सेशन्स कोर्टात दोषी ठरल्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम २५८(२) नुसार आरोपीचं शिक्षेबाबत म्हणणं ऐकावंच लागतं. ‘घरी म्हातारे आई-बाप आहेत, दया करा,’ एवढ्यावरच बहुतेकांचं आटोपतं. तिथे कागद जरूर द्यावेत. पण निकालाच्या आदल्या आठवड्यात घेतलेलं प्रमाणपत्र सरकारी वकील तारखेवरूनच उडवून लावतील. महिनोन्‌महिन्यांची उपचारांची नोंद, पीडिताला दिलेल्या भरपाईची पावती, तुरुंगातल्या वर्तणुकीचा अहवाल यांना थोडंफार वजन असतं. फाशीच्या खटल्यांत तर अशी माहिती मागवाच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश’ निकालात बजावलंय.

आणि पोक्सोसारख्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या) कायद्यात किमान शिक्षा ठरलेली असेल, तर कितीही जाडजूड फाइल दिली तरी न्यायाधीश त्याखाली जाऊ शकत नाहीत.