खणात ठेवणार काय?

स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरने पुन्हा एकदा राम म्हटला, म्हणून भवानी पेठेत टिंबर मार्केट गाठलं. "टिकाऊ ड्रॉवर करायचाय," एवढंच बोललो. शेठनी प्लायवरचा शिक्का दाखवला. आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायचं भारतीय मानक. "मरीन आहे साहेब. ७२ तास उकळला तरी थर सुटत नाहीत."

बाकावर एक काका चहा पीत बसले होते. आले होते एक हँडल घ्यायला.

"उकळणार आहात?"

"काय?"

"ड्रॉवर."

"नाही हो."

"मग ७१० कशाला? ठेवणार काय त्यात?"

परक्या माणसाला खणाची झडती द्यायचं मला काही कारण नव्हतं. तरी दिली. चमचे, सांडशी, रबरबँड, अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या, मिक्सरचं वॉरंटी कार्ड.

"मिक्सर आहे?"

"मोडीत दिला."

काका शेठकडे वळले. "यांना पार्टिकल बोर्ड दाखवा."

दुकानातली पोरंसुद्धा हसली. अहो, तो आधीचा ड्रॉवर पार्टिकल बोर्डाचाच होता! दाबलेला भुसाच तो. ओल्या हाताने रोज उघडायचा म्हटल्यावर कडा फुगणार आणि फुगलेल्या कडेत स्क्रू काय डोंबल धरणार? मी बाणेदारपणे सांगितलं, बाजू १२ मिमी, तळ ६ मिमी आणि तो चारही बाजूंनी खाचेत बसवलेला.

"खाच? आमच्या वडिलांच्या सागवानी टेबलाला डव्हटेल आहेत, पारव्याच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे सांधे. एक खिळा नाही. साठ वर्षं झाली."

"पावसाळ्यात उघडतो खण?"

"पावसाळ्यात आम्ही उघडत नाही."

यावर मात्र कुणी हसलं नाही. अस्सल लाकडात डव्हटेलला तोड नाही, मान्य. पण प्लायमध्ये ते कापताना थरांचे टवके उडतात, तिथे खाच, गोंद आणि स्क्रूच बरा. हे ऐकायला काका होते कुठे? ते शेठशी हँडलच्या भावावरून घासाघीस करत होते.

खरा संताप मिस्त्रीचा येतो. ४५ किलो पेलणारं, खण आत-बाहेर सरकवणारं टेलिस्कोपिक चॅनल तो आपल्याला कौतुकाने ओढून दाखवतो आणि तळाला ४ मिमीचा बिनशिक्क्याचा तुकडा खालून चुका मारून ठोकतो. सगळं ओझं त्या चुकांवर. पैसे मात्र मरीनचे. विचारलं तर म्हणतो, "खाली कोण बघतंय?"

म्हणून ७१० मधलाच ६ मिमी मागितला. शेठकडे नव्हता. "तळाला काय साहेब, कसलाही चालतो."

काकांनी मान डोलावली.